वसंतांतील हिमप्रपात आणि पर्वतप्रवासी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील राजूर हें गांव तेथील टेकडीवरच्या गणपतीच्या देवळामुळें साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. चैत्र-वैशाखांत तेथला दगड दुपारीं पायांना चटके देतो, आणि दर्शनाला येणारा शहाणा माणूस ऊन चढण्यापूर्वीं वर जाऊन येतो. दख्खनच्या पठारावर पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या माणसाला डोंगर म्हणजे दगड, झाडोरा आणि पावसाळ्यांतला चिखल एवढेंच माहीत. हिम ही वस्तु त्याच्या अनुभवाच्या बाहेरची. दुकानांतला बर्फ आणि वळवाच्या गारा यांवरूनच तो तिची कल्पना करतो. अशा माणसाची व हिमालयाची गांठ बहुधा पडते ती शाळा-कचेऱ्यांच्या उन्हाळी सुटींत, म्हणजे एप्रिल व मे या महिन्यांत. महाराष्ट्रांत तो ग्रीष्म असतो. परंतु १०-१२ हजार फुटांच्या वर तोच काळ वसंताचा, वितळण्याचा आणि ढांसळण्याचा असतो. हिंवाळाभर उतरणींवर सांचलेलें हिम त्या दिवसांत जागचें हलूं लागतें. तात्पर्य, मराठी प्रवासी हिमाला प्रथम भेटतो तो नेमका तें अस्थिर झालेलें असतांना.

डोंगराच्या उतरणीवरून हिमाची रास एकदम सुटून खालीं कोसळते, तिला हिमप्रपात म्हणतात. त्याचे नियम माणसानें कसे शोधून काढले, त्या ज्ञानाची किंमत कोणीं दिली आणि त्यांतून प्रवासाची कोणती शिस्त निघाली, हा इतिहास केवळ गिर्यारोहकांच्या उपयोगाचा नाहीं. केदार-बदरीच्या यात्रेला निघालेल्या कुटुंबालाहि तो ठाऊक असावा असाच आहे.

या इतिहासाचें पहिलें पान गिर्यारोहकांनीं लिहिलेलें नाहीं. तें देवळांच्या पंचांगांत सांपडतें. केदारनाथाचें देऊळ सुमारें ११,७०० फूट उंचीवर आहे. दिवाळी झाली कीं भाऊबीजेच्या दिवशीं त्याचीं दारें मिटतात, देवाची उत्सवमूर्ति पालखींतून ऊखीमठास येते, आणि पुढले सहा महिने पूजा तेथें चालते. दार पुन्हां कधीं उघडावयाचें तो दिवस महाशिवरात्रीस जाहीर होतो; बदरीनाथाचा वसंतपंचमीस. गंगोत्री व यमुनोत्री यांचीं दारें अक्षय्य तृतीयेस उघडतात. या रूढीचा अर्थ धर्मशास्त्रांत कांहींहि सांगितला असो, व्यवहारांत तिनें एक मोठें काम केलें. ज्या सहा महिन्यांत त्या दऱ्यांतून हिमाचे लोट उतरतात, त्या काळांत तेथें यात्रेकरूंनीं जाऊंच नये अशी व्यवस्था तिनें करून ठेवली. देवालाच खालीं आणल्यावर भक्तानें वर जाण्याचें कारण उरत नाहीं! अहिल्याबाई होळकरांनीं केदार-बदरीच्या वाटेवर यात्रेकरूंची सोय केली. तिचा लाभ घेणाऱ्या महाराष्ट्रांतील यात्रेकरूंनीं हें पंचांग निमूटपणें पाळलें.

तथापि दार उघडलें म्हणजे धोका संपला असें नव्हे. वैशाखांत केदारनाथाच्या वाटेवर कुबेर व भैरव या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या घळी हिमानें भरलेल्या असतात, आणि मजूर तें हिम कापून दोन भिंतींमधून जावें तसा मार्ग काढतात. त्या भिंती पाहून शहरांतील प्रवाशाला मौज वाटते व तो तेथें थांबून छायाचित्रें घेतो. परंतु तें हिम तेथें आकाशांतून पडलेलें नसतें. वरच्या उतरणीवरून कोसळून तें घळींत सांचलेलें असतें. जेथें एकदां कोसळलें तेथें पुन्हांहि कोसळतें. अशी जागा न थांबतां ओलांडावी, हें तेथला खेचरवाला जाणतो आणि प्रवासी जाणत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील गिर्यारोहक हिमालयांत येऊं लागले. आल्प्स पर्वतांत ते पिढ्यान् पिढ्या चढले होते. परंतु हिमालयाची उंची, तेथला प्रखर सूर्य आणि तेथला पाऊसकाळ यांचा अनुभव त्यांना नव्हता. १८९५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ममरी हा नामांकित इंग्रज गिर्यारोहक रघोबीर व गोमनसिंग या दोन गुरख्यांसह नंगा पर्वतावर नाहींसा झाला. हिमप्रपातानेंच त्यांना ओढून नेलें असावें असें मानतात.

यानंतर २७ वर्षांनीं, १९२२ च्या ७ जून रोजीं, एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीखालीं जें घडलें त्याची नोंद मात्र बारकाईनें झालेली आहे. मॅलरी, सॉमरव्हेल व क्रॉफर्ड हे तीन इंग्रज १४ भारवाहकांसह दोरांनीं बांधून उतरण चढत होते. नुकतेंच भरपूर हिम पडून गेलें होतें आणि वर ऊन तापत होतें. पाऊसकाळ तोंडावर आल्यामुळें, ही संधि गेली तर पुन्हां नाहीं अशी घाई सर्वांच्या मनांत होती. त्यांनीं हिमाची परीक्षा केली नाहीं असें नाहीं. पाय रोवून पाहिले, तें दृढ वाटलें. दुपारीं दीड-दोनच्या सुमारास उतरण फाटली. ९ भारवाहक एका हिमकड्यावरून खालीं फेकले गेले; दोघांना जिवंत उकरून काढतां आलें, ७ जण गेले. तिघां इंग्रजांपैकीं एकालाहि इजा झाली नाहीं. मरणारे सर्व हिमालयाच्या कुशींतले गरीब लोक होते. शिखराची हौस त्यांची नव्हती आणि वाटेची निवडहि त्यांची नव्हती. या गोष्टीचें शल्य सॉमरव्हेलच्या मनांत फार दिवस राहिलें.

हिम दृढ वाटलें आणि तरीहि तें सुटलें, हें कसें? या प्रश्नाचें उत्तर हिमाच्या रचनेंत आहे. हिम एकदांच पडत नाहीं. हिंवाळाभर थरांवर थर पडत जातात, एखाद्या परातींत भाकऱ्यांची चवड रचावी तसे. प्रत्येक थराची प्रकृति वेगळी. एखादा थर वाऱ्यानें दाबला जाऊन फरशीसारखा घट्ट होतो. एखाद्या थराचे कण कडाक्याच्या थंडींत आपसांतली पकड सोडतात आणि साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात. अशा सुट्या दाण्यांवर घट्ट थर बसला म्हणजे वरून पाहणाऱ्याला जमीन पक्की वाटते. प्रत्यक्षांत ती साखरेवर ठेवलेली फरशी असते. तिच्यावर नव्या हिमाचें ओझें पडलें, अथवा एका माणसाचें पाऊल पडलें, तरी ती सर्व बाजूंनीं तडकते आणि संपूर्ण उतरणच्या उतरण एकदम निसटते. १९२२ सालीं पाय रोवून जी परीक्षा झाली ती वरच्या थराची. खालच्या थराची झालीच नाहीं.

उतरण किती असली म्हणजे धोका, हेंहि पुढें मोजून ठरलें. शाळकरी मुलाच्या कंपासपेटींत दोन गुण्ये असतात. एकाचा लहान कोन ३० अंशांचा, दुसऱ्याचा ४५ अंशांचा. या दोन कोनांच्या मधली जी उतरण, तीच हिमप्रपाताची मुख्य जन्मभूमि होय. तिच्याहून सपाट जागीं हिम सहसा सुटत नाहीं. तिच्याहून फार उभ्या कड्यावर तें मुळीं सांचतच नाहीं, थोडें थोडें झडून जातें. दुर्दैव असें कीं, चढायला सोयीची व उतरायला मौजेची उतरणहि याच दोन गुण्यांच्या मधली असते. शिवाय प्रवासी स्वतः सपाट जागेवरून चालला आहे एवढ्यानें भागत नाहीं. त्याच्या डोक्यावरची उतरण कोणत्या कोनाची आहे, हें पाहावें लागतें.

१९२२ चा धडा मिळूनहि १५ वर्षांनीं त्याहून भीषण प्रसंग ओढवला. १९३७ सालच्या जून महिन्यांत कार्ल वीन यांच्या नेतृत्वाखालीं जर्मन मोहीम नंगा पर्वतावर होती. १४ व १५ जून यांच्या मधल्या रात्रीं चौथा तळ झोंपेंत असतांना वरून हिमाचा प्रचंड लोट आला आणि ७ जर्मन व ९ शेर्पा अशीं १६ माणसें जागच्या जागीं गाडलीं गेलीं. कोणी तंबूबाहेर पडण्याचाहि प्रयत्न केलेला दिसला नाहीं. चालतांना सावध असणारा माणूस मुक्कामाला बेसावध असतो, आणि मुक्कामाची जागा ही वाटेइतकीच विचारानें निवडावी लागते, हा या प्रसंगाचा धडा.

या सुमारासच स्वित्झर्लंडांत या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. दावोसजवळच्या वाइसफ्लूयोख या डोंगरावर १९३६ च्या सुमारास संशोधक हिमांत खड्डे खणून एकेका थराचें तपमान, कणांचा आकार व घट्टपणा मोजूं लागले; १९४२ सालीं तेथें कायमची संस्था उभी राहिली, आणि १९४५ पासून हिमप्रपाताच्या धोक्याचीं पत्रकें निघूं लागलीं. पुढें १९९३ मध्यें युरोपांतील देशांनीं धोक्याच्या ५ पायऱ्या ठरविल्या. पावसाचें अनुमान ऐकून शेतकरी पेरणी ठरवितो, तसा तेथला प्रवासी हें पत्रक वाचून वाट ठरवितो.

या अभ्यासांतून वसंत ऋतूचें वेगळेपण स्पष्ट झालें. भर हिंवाळ्यांतला प्रपात कोरड्या हिमाचा असतो. तो धुरळ्यासारखा उसळतो आणि ताशीं २०० किलोमीटर किंवा त्याहूनहि अधिक वेगानें येतो. वसंतांतला प्रपात ओल्या हिमाचा. त्याचा वेग पुष्कळ कमी, परंतु वजन जबर. ताज्या कोरड्या हिमाचें वजन घनमीटरास बहुधा १०० किलोच्या आंत असतें. वसंतांत कोसळून सांचलेल्या ओल्या हिमाचें ५०० किलोपर्यंत जातें. तें थांबल्याबरोबर चुन्याच्या गाऱ्यासारखें आवळून बसतें, आणि त्यांत सांपडलेल्या माणसाला बोटहि हलवितां येत नाहीं.

वसंतांतील हिमाचा दिनक्रम ठरलेला आहे. आकाश निरभ्र असेल तर रात्रीं हिमाची उष्णता निघून जाते, वरचा थर गोठून टणक होतो आणि पहांटे त्याच्यावर पाऊल वाजतें. सूर्य वर आला कीं प्रथम पूर्वेकडील, मग दक्षिणेकडील आणि शेवटीं पश्चिमेकडील उतरण मऊ होत जाते. वितळलेलें पाणी झिरपत खालच्या थरांत उतरतें, कणांमधली पकड सोडवितें, आणि खडकाशीं पोहोंचलें म्हणजे तेथें तेल ओतल्यासारखें होतें. म्हणून पहांटेची सुरक्षित वाट दुपारीं मृत्यूची वाट होऊं शकते. रात्रीं ढग असले तर ते उतरणीवर गोधडीसारखे पसरतात, उष्णता निघून जात नाहीं, आणि हिम गोठतच नाहीं. अशी रात्र गेल्यावर पहांटेचाहि भरंवसा धरतां येत नाहीं. दोन-तीन रात्री लागोपाठ अशा गेल्या, किंवा हिमावर पाऊस पडला, तर प्रवास बंद ठेवणें हाच एक उपाय.

स्वतंत्र भारतांत या विद्येची गरज सर्वांत आधीं सैन्याला भासली. उत्तर सीमेवरील चौक्या व रस्ते हिमप्रपातांच्या तोंडाशींच आहेत. १९६९ सालीं मनाली येथें हिम व हिमप्रपात यांच्या अभ्यासाची संरक्षणखात्याची संस्था निघाली. २०२० सालीं तिचें दुसऱ्या एका संस्थेशीं एकीकरण होऊन तिला नवें नांव मिळालें. काश्मीर, हिमाचल व उत्तराखंड यांतील धोक्याचीं अनुमानें या संस्थेकडून प्रसिद्ध होतात.

सीमेवरील या संकटांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. १९८४ च्या एप्रिलमध्यें भारतीय सैन्य सियाचेनवर गेलें, तेव्हांपासून तेथें शत्रूच्या गोळीपेक्षां थंडीनें व हिमानें अधिक बळी घेतले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं तेथील सोनम चौकी सुमारें १९,६०० फूट उंचीवर हिमाखालीं गाडली गेली. तींतील १० जवानांमध्यें दुष्काळी माण तालुक्याचा एक सुपुत्र होता. पाण्याच्या थेंबासाठीं तरसणाऱ्या सातारा जिल्ह्याच्या त्या भागांतला तरुण गोठलेल्या पाण्याच्या राशीखालीं गेला, हा दैवाचा केवढा विलक्षण खेळ! लान्स नाईक हणमंतप्पा हे त्याच हिमाखालून ६ दिवसांनीं जिवंत निघाले. परंतु ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या रुग्णालयांत त्यांचाहि अंत झाला. पुढल्याच वर्षीं, २५ जानेवारी २०१७ रोजीं, काश्मिरांतील गुरेझ येथें झालेल्या हिमप्रपातांत अनेक महाराष्ट्रीय जवान कामीं आले. अकोला जिल्ह्यांत तर एकाच वेळीं दोन घरांवर दुःखाचा डोंगर कोसळला.

हौशी गिर्यारोहणांत मराठी माणूस उशिरां आला, पण आल्यावर त्यानें चांगलें नांव मिळविलें. हिमालयन क्लबची स्थापना १९२८ सालची. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ ची आणि उत्तरकाशीची १९६५ ची. सह्याद्रीच्या कड्यांवर हात बसलेले पुण्या-मुंबईचे तरुण या संस्थांत जाऊन हिमाचें शिक्षण घेऊं लागले. मे १९९८ मध्यें पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोंचले. १९ मे २०१२ रोजीं उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे ८ जण त्याच शिखरावर गेले, आणि १५ मे २०१९ रोजीं त्याच संस्थेच्या १० जणांनीं कांचनगंगा गांठली. १६ एप्रिल २०२१ रोजीं साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनीं अन्नपूर्णेचा माथा गांठला; भारतीय स्त्रियांत त्या पहिल्या. अन्नपूर्णेचें नांव जितकें गोड तितकाच तिचा स्वभाव कठोर. हिमप्रपातांसाठीं ती आठ हजार मीटरांवरील शिखरांत कुप्रसिद्ध आहे.

या सर्व तारखा पाहिल्या तर त्या एप्रिल-मे महिन्यांतल्याच आहेत. पाऊसकाळापूर्वींचे हेच थोडे दिवस वारा शांत असतो. म्हणजे संधि आणि संकट एकाच महिन्यांत येतात. त्यांतून मार्ग निघतो तो घड्याळाच्या आधारानें. शिखराकडे निघणारे लोक मध्यरात्रींच्या सुमारास तंबू सोडतात आणि ऊन तापण्यापूर्वीं धोक्याच्या उतरणी मागें टाकण्याचा प्रयत्न करतात. सह्याद्रींत सकाळीं आठ वाजतां चहा घेऊन निघणाऱ्याला हें चमत्कारिक वाटेल. परंतु हिमावर आठ वाजतां निघणें म्हणजे उशिरां निघणें होय.

घड्याळ पाळूनहि सर्व संकटें टळतात असें मात्र नाहीं. १८ एप्रिल २०१४ रोजीं सकाळीं पावणेसातच्या सुमारास एव्हरेस्टच्या खुंबू हिमपातळीवर बाजूच्या खांद्यावरचा एक लोंबता हिमखंड तुटून पडला आणि वाट तयार करण्यासाठीं व सामान वाहण्यासाठीं गेलेले १६ नेपाळी कामकरी ठार झाले. लोंबता हिमखंड उन्हाची वाट पाहत नाहीं. स्वतःच्या भारानें तो कोणत्याहि वेळीं तुटतो. पुढल्या वर्षीं, २५ एप्रिल २०१५ रोजीं, नेपाळच्या भूकंपानें समोरच्या कड्यावरून हिम व खडक सुटून थेट पायथ्याच्या तळावर आले आणि तेथें १५ हून अधिक माणसें दगावलीं. ज्या जागेला सर्व लोक निर्भय समजत होते ती जागाहि निर्भय नव्हती.

१९२२ सालचे ७ भारवाहक, १९३७ सालचे ९ शेर्पा आणि २०१४ सालचे १६ कामकरी यांची एक माळ ओवली, तर शतकभराच्या शास्त्रानें कोणाचें रक्षण केलें आणि कोणाचें केलें नाहीं, याचा विचार करणें भाग पडतें. हौशी गिर्यारोहक धोक्याच्या पट्ट्यांतून थोड्या वेळां जातो. त्याचें सामान वाहणारा तेथून पुन्हां पुन्हां जातो. म्हणून विम्याची, मजुरीची व निर्णयाची बाब ही केवळ दयेची नव्हे, न्यायाची आहे. २०१४ च्या अपघातानंतर शेर्पांनीं काम थांबविलें आणि नेपाळच्या बाजूची त्या वर्षाची चढाई जवळजवळ बंदच पडली. त्यामागें हाच प्रश्न होता. मोहिमेच्या नायकानें ‘आज जाऊं नये’ हा भारवाहकाचा शब्द ऐकला पाहिजे आणि त्याबद्दल त्याची मजुरी कापतां कामा नये.

शिखरांकडे न फिरकणाऱ्या प्रवाशालाहि हा विषय दूरचा नाहीं. ४ एप्रिल २०२३ रोजीं सिक्कीमांत गंगटोकहून नाथू-ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमप्रपात होऊन ७ पर्यटक मरण पावले. मुलांबाळांसह हिमांत खेळण्यासाठीं जेथें लोक उतरतात, तसल्याच एका घळींत हें घडलें. २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं बदरीनाथापलीकडच्या माणा गांवाजवळ रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या तळावर हिम कोसळलें. ४६ जण वांचले, ८ गेले. पुष्कळ जण लोखंडी खोल्यांमध्यें होते, त्यामुळें त्यांना आंत श्वास घेण्यापुरती हवा मिळाली.

हवेचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. हिमाखालीं गाडलेला माणूस थंडीनें मरण्यापूर्वीं बहुधा गुदमरून मरतो. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकीं दहांतले नऊ जगतात. अर्ध्या तासाच्या सुमारास हें प्रमाण तिघांत एक इतकें उतरतें. गांवांतून मदत येईपर्यंत हा वेळ केव्हांच निघून गेलेला असतो; म्हणून वांचविणारा तोच, जो शेजारीं चालत होता. याकरितां हिमांत जाणाऱ्या प्रत्येकानें तीन वस्तु अंगावर बाळगाव्या असा आतां दंडक आहे : आपला ठावठिकाणा सांगणारें व दुसऱ्याचा शोधणारें लहानसें रेडिओयंत्र, हिमांत खुपसून पाहण्याची लांब घडीची सळई, आणि फावडें. तिघांपैकीं एक नसलें तर उरलेल्या दोहोंचा उपयोग निम्माहि राहत नाहीं. आणि या वस्तु वापरण्याचा सराव घरून निघण्यापूर्वीं व्हावयास हवा. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाहीं.

परंतु बाहेर काढण्यापेक्षां आंत न सांपडणें श्रेयस्कर. अपघातांच्या नोंदी सांगतात कीं, हिमप्रपातांत सांपडलेल्या हौशी प्रवाशांपैकीं बहुसंख्यांनीं तो प्रपात स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलानें सोडविलेला असतो. याचा दुसरा अर्थ असा कीं, तो टाळणेंहि बऱ्याच अंशीं त्यांच्याच हातीं असतें. निसर्ग सूचना देत असतो. ताज्या प्रपाताच्या खुणा शेजारच्या उतरणीवर दिसणें, पायाखालीं धप्प असा पोकळ आवाज होणें, पावलापासून भेग धांवत जाणें, हिमाचे लहान गोळे आपोआप गडगडत येणें, पाऊल घोट्याच्या वर रुतूं लागणें, या सर्व मागें फिरण्याच्या खुणा आहेत. नवें हिम पडल्यावर निदान एक-दोन दिवस थांबावें. घळ सोडून कण्यावरची वाट धरावी; परंतु कण्याच्या कडेला वाऱ्यानें रचलेल्या हिमाच्या छज्जावर पाऊल टाकूं नये, कारण त्याच्या खालीं पोकळी असते. संशयाची उतरण ओलांडणें भागच असेल तर एका वेळीं एकानेंच जावें आणि बाकीच्यांनीं सुरक्षित जागेवरून त्याच्यावर दृष्टि ठेवावी. तंबू घळीच्या तोंडाशीं कधींहि देऊं नये. परतण्याची वेळ सकाळीं निघण्यापूर्वींच ठरवावी आणि शिखर हाकेच्या अंतरावर असलें तरी ती मोडूं नये.

हें सारें हिमालयाचें झालें. सह्याद्रीला याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण, २२ जुलै २०२१ रोजीं महाडजवळील तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी, या तीन वस्त्यांवर डोंगर आला. माळीणला दीडशें माणसें गेलीं. तेथें हिमाच्या जागीं माती होती आणि उन्हाच्या जागीं पाऊस. परंतु तिढा तोच होता. उतरणीवर सैल थर, त्यांत मुरणारें पाणी, खालीं निसरडा खडक, आणि पायथ्याशीं माणसांची वस्ती. हिमप्रपाताचा विद्यार्थी डोंगराकडे पाहतांना ‘वर काय आहे’ हा प्रश्न आधीं विचारतो. घाटमाथ्यावर व कोंकणांत घर बांधणाऱ्यानें, रस्ता खोदणाऱ्यानें आणि वस्तीला परवानगी देणाऱ्यानेंहि तोच प्रश्न आधीं विचारला पाहिजे.

अपघातांच्या या हकीकतींत घाईचें प्रमाण मोठें आहे. १९२२ सालीं पाऊसकाळाची घाई होती. आजच्या प्रवाशाला परतीच्या गाडीची असते. सुटी ठरलेली, तिकीट ठरलेलें, आणि मधले सर्व दिवस भरगच्च मांडलेले. मग आदल्या रात्रीं हिम पडलें तरी सकाळीं निघावेंच लागतें. म्हणून जालन्याहून निघो कीं पुण्याहून, हिमालयांत जाणाऱ्या कुटुंबानें गरम कपड्यांच्या व औषधांच्या यादींत एक-दोन मोकळे दिवसहि लिहावे. हिम पडलें तर ते दिवस खालच्या गांवांत बसून काढतां येतात. आणि न पडलें तर घरीं दोन दिवस आधीं परततां येतें.